पॅनल आला आणि वर्ग गप्प झाला

खाडीकाठचा_मास्तर | १४ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीकाठच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पहिली ते सातवी, पट ३८, शिक्षक तीन. सहावी-सातवीची मिळून १४ मुलं माझ्याकडे. मागच्या वर्षी एका दात्याने शाळेला बोटाने चालणारा मोठा पॅनल दिला, सोबत चार टॅब. त्यातला एक पहिल्याच पावसाळ्यात गेला. चार्जिंगच्या भोकात हिरवट गंज चढला. खाऱ्या हवेचा प्रसाद.

आता दुखणं सांगतो. पॅनल यायच्या आधी मी फळ्याशी बडबडायचो आणि पोरं मध्येच काहीतरी विचारायची. "गुरुजी, मग समुद्राचं पाणी गोठत का नाही?" असलं काहीही. आता व्हिडिओ लागतो आणि १४ जण हाताची घडी घालून बघतात. पुस्तकातला क्यूआर कोड टिपला की दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर धडा उघडतो, तोही बघायचाच. भेटीला आलेले साहेब म्हणाले, "काय शिस्त आहे!" मला ती शिस्त वाटत नाही, एस्टीत खिडकीशी बसून पेंगणाऱ्या माणसाची शांतता वाटते.

ज्ञानरचनावादाच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं. तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणात सांगितलं, हे बटण दाबा. दोन्ही प्रशिक्षणं त्याच हॉलमध्ये झाली, जेवणाचा ठेकेदारही तोच. या दोघांची एकमेकांशी ओळख मात्र कुणी करून दिली नाही.

तर प्रश्न असा: यंत्र मुलांच्या हातात आहे आणि वर्ग त्यांच्या प्रश्नांवर चाललाय, असा अनुभव कुणाला आहे का? अ‍ॅपची नावं नकोत, तुम्ही काय केलंत ते सांगा.

ता. क. पॅनलचा रिमोट हरवलाय. आवाज कमी करायला पाठीमागे हात घालावा लागतो आणि तिथे पालीने घर केलंय.

---

तिरफळ | १४ जुलै, रात्री १०:३१

रुमाल टाकून ठेवतो. सवडीने लिहीन.

पालीचं नाव ठेवलंत का?

---

भाऊ_पनवेलकर | १४ जुलै, रात्री ११:०५

सर, छान विषय. मी आयटीत आहे, मूळ गाव गुहागरकडे. आमचा ग्रुप दरवर्षी गणपतीत गावच्या शाळांना काहीतरी देतो. यंदा तुमच्या शाळेला १० टॅब द्यायचे का? मुलामागे एक टॅब असला की प्रत्येक जण आपापल्या वेगाने शिकेल. हेच तर विद्यार्थिकेंद्री.

---

देवगडची_लेक | १५ जुलै, सकाळी ६:५०

@भाऊ_पनवेलकर, हात जोडून सांगते, टॅब नका देऊ. मी स्वतः शिक्षिका आहे. आमच्या शाळेच्या कपाटात सहा टॅब आहेत. दोन फुगलेत (बॅटरी), एकाचा पासवर्ड बदली होऊन गेलेल्या सरांबरोबर गेला, उरलेले अपडेट मागतात आणि रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर. द्यायचंच असेल तर चांगला इन्व्हर्टर द्या, लांब वायरचे एक्स्टेन्शन बोर्ड द्या आणि वर्षातून दोनदा येऊन ते साफ करणारा माणूस द्या.

---

भाऊ_पनवेलकर | १५ जुलै, सकाळी ९:२०

ताई, इन्व्हर्टरबरोबर फोटो बरा येत नाही हो. :) गंमत सोडा, मुद्दा पोचला. ग्रुपवर विषय काढतो.

---

निवृत्त_हेडमास्तर | १५ जुलै, दुपारी ३:१४

खाडीकाठचे मास्तर, तुमचं दुखणं जुनंच आहे, खोकं तेवढं नवीन.

१९८४ साली पुण्यात शाळांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाळेला रंगीत टीव्ही मिळाला. लाकडी कपाट, त्याला कुलूप आणि किल्ली माझ्या जानव्याला. कार्यक्रम लागायच्या वेळी वीज नसायची, वीज असायची तेव्हा अँटेना माकडांनी फिरवलेला असायचा. एवढं जुळून आलंच तर पोरं हाताची घडी घालूनच बघायची. त्या टीव्हीचा सगळ्यात चांगला उपयोग झाला तो बिघडल्यावर. सातवीच्या पोरांनी मागचं झाकण काढून आत काय आहे ते पाहिलं आणि त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मला अजून आलेली नाहीत.

दुसरी गोष्ट. विद्यार्थिकेंद्री हा शब्द हल्ली बाहेरून आल्यासारखा वापरतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला काम सुरू केलं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पुढे त्या कोसबाडला गेल्या, अनुताई वाघ सोबतीला. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून शिंपले, बिया, दगड, पानं हेच साहित्य केलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. तिचं नावच कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथे जायचं, त्याच्या हातात जे आहे त्यापासून सुरुवात करायची. आता तुमच्या पोरांच्या हातात काय आहे ते बघा. पॅनल नव्हे. तो भिंतीवर आहे.

---

कोकमकढी | १५ जुलै, दुपारी ३:४०

किल्ली जानव्याला, हे वाचून हसून हसून पुरेवाट.

आमच्याकडे पॅनलच्या उद्घाटनाला सरपंचांनी नारळ फोडला तो पॅनलच्या खालच्या चौकटीवरच. पाणी आत. उद्घाटन आणि विसर्जन एकाच मुहूर्तावर.

---

अणुरेणू | १५ जुलै, रात्री ९:५८

थोडं कोरडं लिहितो, कारण या विषयावर भावनेपेक्षा मोजमाप कमी असतं.

एक. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने २०१५ साली अहवाल काढला होता. ज्या देशांनी शाळांतल्या संगणकांवर भरपूर पैसा घातला, त्यांच्या मुलांच्या वाचन, गणित, विज्ञानात डोळ्यांत भरावी अशी सुधारणा दिसली नाही. पेरूमध्ये मुलामागे एक लॅपटॉप वाटला, तिथेही परीक्षेतल्या गुणांवर परिणाम आढळला नाही. तोच लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातही आला होता, कर्जतजवळच्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत.

दोन. याच्या उलट, दिल्लीत सहावी ते नववीच्या ६१९ मुलांवर केलेला अभ्यास आहे, २०१९ मध्ये छापून आला. शाळेनंतर संगणकावर सराव, पण संगणक आधी मुलाची खरी पातळी शोधतो आणि तिथूनच शिकवतो. आठवीचं मूल चौथीच्या भागाकारात अडकलं असेल तर चौथीचा भागाकार. साडेचार महिन्यांत गणितात बराच फरक पडला, हिंदीत त्याहून थोडा कमी.

यंत्र दोन्हीकडे होतं. एकीकडे ते वाटून टाकलं, दुसरीकडे ते मुलाला काय येत नाही ते विचारत होतं. मास्तर, तुमचा व्हिडिओ कुणालाच काही विचारत नाही.

---

वाचनमात्र | १५ जुलै, रात्री १०:२०

मी पालक म्हणून लिहिते. मुलगी सहावीत आहे, मालवणजवळ. मुलांच्या प्रश्नांवर वर्ग चालवायचा म्हणजे शिक्षकांनी शिकवायचं नाही, असं आमच्याकडे झालंय. "तुम्ही शोधा, तुम्ही सांगा" म्हणून मोबाइल घरी नेऊन प्रकल्प करायचा. मोबाइल कुणाचा? माझा. शोधतं कोण? मी. रात्री ११ वाजता ज्वालामुखीची चित्रं कोण कापतं? तेही मीच. लॉकडाऊनमध्ये "शाळा बंद, पण शिक्षण आहे" म्हणून रोज व्हॉट्सअ‍ॅपवर लिंका यायच्या. तेव्हापासून हातात गेलेला फोन अजून परत मिळालेला नाही. सह्याद्रीवर टिलीमिली लागायचं ते बरं होतं, टीव्ही निदान उशीखाली घेऊन झोपता येत नाही.

शिष्यवृत्तीला जे विचारतात ते वर्गात शिकवा, एवढंच मागणं आहे.

---

तिरफळ | १५ जुलै, रात्री १०:४४

@वाचनमात्र, आयडी बदला आता. एवढा मोठा प्रतिसाद देऊन वाचनमात्र?

---

सड्यावरची_रेंज | १६ जुलै, सकाळी ११:०२

मी सिंधुदुर्गातली. दिल्लीत कालकाजीला १९९९ साली सुगाता मित्रांनी भिंतीत संगणक बसवला आणि झोपडपट्टीतली मुलं आपली आपण शिकली, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलीय. आमच्या जिल्ह्यातही तसे संगणक बसवले होते, हे फार जणांना माहीत नाही. मी तेव्हा चौथी-पाचवीत होते.

खरंच शिकायचो. कुणी न सांगता पेंटमध्ये चित्रं काढायचो, माउसला काय म्हणतात ते ठाऊक नसताना. पण एक सांगते, जे कौतुकाच्या भाषणांत येत नाही. पुढे उभे असायचे ते मोठे मुलगे. आम्ही मुली मागून टाचा उंचावून बघायचो. आमचा नंबर लागायचा तो क्रिकेटची मॅच असली की. आपोआप शिकतात म्हणजे ज्याचं कोपर मजबूत तो आपोआप शिकतो. तेव्हा मास्तर, यंत्र मुलांच्या हातात देताना कोणत्या मुलांच्या, ते तुम्हीच बघा. शिक्षकाचं काम तिथे संपत नाही, उलट वाढतं.

---

खाडीकाठचा_मास्तर | १६ जुलै, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. पालीचं नाव मुलांनी ठेवलंय, सायबीण.

हेडमास्तर सर, "पोरांच्या हातात काय आहे" हे तुमचं वाक्य दोन दिवस डोक्यात घोळतंय. आज वर्गात सरळ विचारलं, "तुम्हाला असं काय माहीत आहे जे मला येत नाही?" आधी शांतता. मग एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, भरती कधी येणार ते तुम्हाला कळत नाही. त्या दिवशी तुमची गाडी जेटीवर बुडत होती."

खरं आहे. मी घाटावरचा. सहा वर्षं इथे राहून अजून कॅलेंडरच्या मागचं पान बघतो.

पोरं सांगू लागली. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, तर सहा वाजता भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. चतुर्थीला तीन वाजता. एकीची आजी कालवं काढायला जाते. ती म्हणे बोटांच्या पेरांवर मोजते आणि कधी चुकत नाही.

१४ पैकी ११ जणांना हे येत होतं. अपूर्णांकाच्या गुणाकारात माझ्या चाचणीत यातलेच सहा नापास.

---

निवृत्त_हेडमास्तर | १६ जुलै, रात्री ९:५१

हां. आता पॅनल चालू करा.

---

सीमन_२० | १७ जुलै, पहाटे २:१८

जहाजावरून लिहितोय, रेंज आहे तोवर. पाऊणपटीचा हिशेब आमच्या आजोबांचाही होता. बरोबर आहे, पण ढोबळ. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढी सरकते. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण (मोठी भरती), अष्टमीला काटकोनात म्हणून भांग (लहान भरती). पण मुलांना हे आधी सांगू नका. एक बांबू रोवा आणि मोजायला लावा. मजा पुढे आहे.

---

वाचनमात्र | १७ जुलै, सकाळी ७:१५

पावसाळ्यात पोरांना जेटीवर पाठवणार? काही झालं तर जबाबदारी कुणाची? व्हिडिओ बघून कुणी बुडत नाही.

---

देवगडची_लेक | १७ जुलै, सकाळी ७:४०

हा प्रश्न रास्त आहे. मास्तर, पालकसभा घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि लेखी घ्या. कोकणात तोंडी होकार गणपतीपर्यंत टिकतो.

---

खाडीकाठचा_मास्तर | २० जुलै, रात्री ८:४५

पालकसभा झाली. एका मुलाचे वडील तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके आहेत. त्यांनी स्वतः बांबू रोवून दिला, जेटीच्या पायऱ्यांपासून हात-दोन हातांवर, आणि त्याला वीत-वीत अंतरावर तेलरंगाचे पट्टे मारले. नियम असा: मोजायला मोठं माणूस सोबत असेल तरच, वरच्या पायरीवरूनच आणि धोक्याचा बावटा लागला की सुट्टी.

@वाचनमात्र, तुमची भीती सभेत एका आईने अगदी याच शब्दांत मांडली. आता ती पाळीवर देखरेखीला येते.

श्रावण प्रतिपदेपासून सुरुवात.

---

कोकमकढी | २० जुलै, रात्री ९:०२

अवांतर: श्रावणात मासेमारी बंद, मोजमाप चालू. समुद्रालाही तेवढाच विरंगुळा.

अतिअवांतर: कालवांचं सुकं कुणाकडे चांगलं करतात? पाककृती चालेल.

---

सड्यावरची_रेंज | २० जुलै, रात्री ९:२०

कालवं आधी स्वतःच्याच पाण्यात शिजवायची. वरून पाणी घातलंत तर संपलं. तिरफळं ठेचून घाला. (तिरफळ यांनी वैयक्तिक घेऊ नये.)

---

तिरफळ | २० जुलै, रात्री ९:२५

निषेध. तिरफळं कालवांत नाही, बांगड्यात.

---

(या वादाचे २२ प्रतिसाद संपादकांनी 'आहारशास्त्र आणि पाककृती' विभागात हलवले आहेत.)

---

अणुरेणू | २६ जुलै, रात्री १०:१०

धागा वर काढतोय. मास्तर, काय झालं? आणि एक शंका. यात तंत्रज्ञान कुठे आहे? बांबू आणि तेलरंग. प्रयोग उत्तम, पण मूळ प्रश्न पॅनलचा होता.

---

खाडीकाठचा_मास्तर | १० ऑगस्ट, रात्री ९:१५

उशीर झाला. मध्ये सहा दिवस वीज नव्हती आणि नंतर ऑनलाइन माहिती भरण्यात आठवडा गेला. (शिक्षकाच्या हातातल्या तंत्रज्ञानाचा हा दुसरा चेहरा. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल आणि तो उडवला जाईल.)

काल नारळी पौर्णिमा झाली आणि आमचा पंधरवडा संपला. सविस्तर लिहितो.

मोजणी अशी. दोन-दोन मुलांची जोडी, सोबत मोठं माणूस. भरती पूर्ण व्हायच्या आधीपासून दर १० मिनिटांनी बांबूचा फोटो. पाणी चढायचं थांबून उतरायला लागलं की मागे जाऊन सगळ्यात वरचा फोटो शोधायचा. फोटोवर वेळ आपोआप येते, त्यामुळे "मी पाहिलं होतं" हा वादच नाही. एक टॅब जेटीसाठी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. जोड्या मी पाडल्या. सड्यावरची_रेंज यांचं वाचून ठरवलं होतं की टॅब पहिल्यांदा मुलींच्या हातात जाईल. पहिल्या दिवशी मुलगे रुसले.

सगळे आकडे मुलांनीच लॅपटॉपवर तक्त्यात भरले. एका रकान्यात तिथी, दुसऱ्यात पाऊणपटीची वेळ, तिसऱ्यात फोटोतली वेळ. मग त्याचा आलेख पॅनलवर. वर्षभरात त्या पॅनलवर माझ्याशिवाय कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्या दिवशी सहा जण एकदम चिकटले आणि सायबीण खिडकीतून पळाली.

फोटोतल्या वेळा सरळ रेषेत आल्याच नाहीत. सुरुवातीला भरती रोज ४० मिनिटांच्या आसपास पुढे जात होती. अष्टमी उलटली आणि एकदम तास-सव्वातासाच्या उड्या. मुलं म्हणाली मोजण्यात चूक. फोटो पुन्हा काढून बघितले. चूक नव्हती. मलाही उत्तर येत नव्हतं, तसं सांगितलं. वर्गात पहिल्यांदाच सांगितलं बहुतेक.

पण खरी गंमत पाऊणपटीच्या रेषेने केली. सीमन_२० म्हणाले होते "मजा पुढे आहे," ती हीच असावी. ज्या मुलीची आजी कालवं काढते ती सहावीत आहे, वर्गात कधी तोंड उघडत नाही. तिने पॅनलवरची रेषा बोटाने पुढे ओढली, पौर्णिमेच्या पलीकडे वद्य प्रतिपदेपर्यंत, आणि विचारलं, "गुरुजी, हितं पायरी का आली?"

बघा म्हणजे. पौर्णिमा १५, पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, १ ची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! रोज ४५ मिनिटांनी सरकणारी भरती त्याच दिवशी दुप्पट कशी सरकेल?

मराठीचा तास गेला, गणिताचा गेला, आहाराची घंटा झाली तरी कुणी उठेना. शेवटी सातवीतल्या एकाने मांडलं: पंधरा तिथींत भरती बारा तास फिरून त्याच जागी यायला हवी. बारा तासांची ७२० मिनिटं, भागिले १५, बरोबर ४८. पाऊणपटीत रोजची ३ मिनिटं कमी पडतात. पंधरा दिवसांची ४५ मिनिटं साठतात आणि प्रतिपदेला एकदम वसूल होतात.

मी गेली सहा वर्षं या वर्गाला अपूर्णांक शिकवतोय.

मग काल पौर्णिमेला सगळा वर्ग, निम्मं गाव आणि समुद्राला द्यायचा नारळ असे जेटीवर. पाऊणपट म्हणते ११:१५. मुलांचा नवा हिशेब म्हणतो १२. पैजा लागल्या. फोटोत आले ११:४०. दोघंही हरले. तांडेलकाका म्हणाले, "गुरुजी, तुम्ही तीन मिनिटांचा हिशेब करीत बसा, तोवर मासे दुसऱ्याच्या जाळ्यात. पाऊणपट तोंडी होते म्हणून आहे. अठ्ठेचाळीसचा पाढा होडीत कोण म्हणणार?"

---

सीमन_२० | ११ ऑगस्ट, पहाटे ४:०३

वा! त्या पोरीला माझ्यातर्फे एक नारळ.

उड्यांचं उत्तर: भरती फक्त चंद्राची नसते, सूर्याचीही असते. दोघांची ओढ एकत्र येऊन वेळ ठरते. उधाणाच्या आसपास भरती रोज कमी सरकते, भांगाच्या आसपास जास्त. म्हणून तुमची रेषा वाकडी आली. ती वाकडी यायलाच हवी होती. सरळ आली असती तर मी म्हटलं असतं मुलांनी पाऊणपट बघून आकडे भरले.

---

अणुरेणू | ११ ऑगस्ट, सकाळी ८:३०

माझी शंका मागे घेतो. फोटोवरची वेळ आणि पॅनलवरची रेषा नसती तर ती पायरी कुणाला दिसली नसती. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी हिशेबात ती दिसलीच नव्हती, किंवा दिसून कुणाचं काही अडलं नव्हतं.

---

वाचनमात्र | ११ ऑगस्ट, सकाळी ९:१२

छान झालं, मनापासून. पण विचारतेच. मराठीचा तास गेला तो भरून कधी काढणार? आणि हे सगळं परीक्षेत कुठे लिहायचं?

---

खाडीकाठचा_मास्तर | ११ ऑगस्ट, रात्री ९:४०

@वाचनमात्र, मराठीच्या तासाला मुलांनी या सगळ्याची बातमी लिहिली. शुद्धलेखन भयंकर, पण दोन पानं लिहिली. एरवी पाच ओळींच्या पुढे गाडी जात नाही. परीक्षेचं मला उत्तर नाही. अपूर्णांकाची चाचणी पुन्हा घेतली, आधीच्या सहा नापासांतले चार सुटले. दोन अजून अडलेत. त्यांना भरती येते, छेद समान करता येत नाही.

आणि रोज असं करता येणार नाही, हेही कबूल करतो. या पंधरवड्यात माझ्या बाकीच्या विषयांचा चिखल झाला. एकदा तर पॅनलवर मी स्वतःच व्हिडिओ लावून मागे तपासणीच्या वह्या घेऊन बसलो. पोरं हाताची घडी घालून बघत होती आणि मला बरं वाटलं.

---

निवृत्त_हेडमास्तर | ११ ऑगस्ट, रात्री १०:०५

त्यात लाज कसली. मीही कपाटाची किल्ली फिरवून डुलकी काढलीय.

---

देवगडची_लेक | १२ ऑगस्ट, सकाळी ६:४४

मास्तर, ११:४० चं कोडं सुटलं का? माझा अंदाज: तुमची जेटी खाडीत आत आहे. मुखाशी भरती पूर्ण झाल्यावर पाणी आत पोचायला वेळ लागणार. माझी शाळा ऐन समुद्रावर आहे. त्याच दिवशी मी इथे मोजलं असतं तर?

---

खाडीकाठचा_मास्तर | १२ ऑगस्ट, रात्री ९:००

ताई, तुमचा प्रतिसाद आज वर्गात पॅनलवर वाचून दाखवला. (सायबीण परत आलीय.) पोरं म्हणतात, खाडीच्या मुखाशी एक बांबू, आमच्या जेटीवर एक आणि तुमच्याकडे देवगडला एक. त्यांना आता हेही हवंय की भरती आधी देवगडला येते की रत्नागिरीला. निम्मी म्हणतात एकाच वेळी, समुद्र एकच आहे. ती कालवंवाल्या आजीची नात म्हणते, "मग मुंबईच्या बातम्यांतली वेळ आपल्याला का लागत नाही?"

तुमची मुलं येतील का यात? व्हिडिओ कॉल करून दोन्ही वर्ग एकमेकांना आकडे सांगतील.

---

सीमन_२० | १२ ऑगस्ट, रात्री ११:३०

मला उत्तर माहीत आहे. सांगणार नाही.

---

भाऊ_पनवेलकर | १३ ऑगस्ट, सकाळी १०:१५

ग्रुपवर ठरलं. दोन्ही शाळांना एकेक इन्व्हर्टर, फोटो न काढता. मास्तर, पॅनलच्या मागचा मॉडेल नंबर कळवा, रिमोट इथे मिळतो का बघतो.

---

खाडीकाठचा_मास्तर | १३ ऑगस्ट, दुपारी १:३०

नंबर वाचायला मागे हात घालावा लागेल. पोरं म्हणतात सायबिणीने अंडी घातलीत, महिनाभर थांबा.

---

देवगडची_लेक | १३ ऑगस्ट, सायंकाळी ६:२०

आमची १९ मुलं तयार आहेत. घटस्थापनेच्या प्रतिपदेपासून धरू, तोवर समुद्रही जरा शांत होईल. बांबू मिळालाय, तेलरंग गावातल्या होडीवाल्याकडून मागून घेतला. व्हिडिओ कॉलसाठी मुलांना सड्यावर न्यावं लागेल, तिथे दोन कांड्या येतात.

आधी मात्र काही होणार नाही, निम्म्या मुलांकडे मखराची कामं आहेत. गणपती झाल्यावर फोन करते.